वीस माणसं, एक महिना

गाय सकाळपासून अडली होती. वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर दिसत होते, पण डोकं मागे वळलेलं होतं. मी खांद्यापर्यंत हात आत घालून ते डोकं चाचपत होतो आणि शेजारी उकिडवा बसलेला लोबेक मला प्रश्न विचारत होता.

"तू इथे किती दिवस आहेस?"

रेजिनाने ते मला इंग्रजीत सांगितलं. ती लोबेकच्याच गावातली, तिथल्या आता बंद पडलेल्या शाळेत पूर्वी शिकवायची आणि आमच्या तुकडीसाठी दुभाष्याचं काम करायची.

"अजून आठ महिने," मी म्हटलं. "त्याला म्हणावं, गाईची मान घट्ट धर."

"आणि मग?"

"मग माझ्या जागी दुसरा कोणी येईल."

लोबेकने मान धरली. "मी तुझ्याबद्दल विचारतोय," तो म्हणाला.

डोकं हाताला लागलं. खालच्या जबड्यात बोटं अडकवून मी ते सरळ केलं, पायांना दोरी बांधली आणि तिघांनी मिळून ओढलं. वासरू जिवंत निघालं. लोबेकने त्याच्या नाकातला चिकटा स्वतःच्या तोंडाने ओढून काढला आणि बाजूला थुंकला. माझे वडील कराडजवळ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनाही मी हे करताना पाहिलं होतं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मेजर अनंत डुबल, सैन्यातला गुरांचा डॉक्टर. आफ्रिकेतल्या एका देशात आमची बटालियन शांतिसेना म्हणून गेली होती. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे माझ्या ओळखीची माणसं अजून राहतात. त्या मुलखात माणसाचं सगळं गुरांवर अवलंबून. लग्न गुरांवर, भांडण गुरांवर. म्हणून बटालियनबरोबर माझ्यासारखा एकजण पाठवला होता. यादवी युद्धाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

आमची छावणी एका नदीच्या काठी होती. उन्हाळ्यात नदी आटायची, मधे मधे डबकी राहायची. अलीकडच्या काठावर लोबेकची माणसं, पलीकडे तोरूकची. दोघंही आपापल्या जमातीचे प्रमुख. जमाती वेगळ्या, युद्धातल्या बाजू वेगळ्या. एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांची गावं किती वेळा जाळली, ते कोणी सांगू शकत नव्हतं. घटसर्पाची लस मात्र दोन्ही काठांवरच्या गुरांना मीच टोचत होतो. त्यामुळे नदी ओलांडून दोन्हीकडे जाऊ शकणारा, दोन्हीकडे दूध प्यायला मिळणारा मी एकटा माणूस होतो.

त्याच सुमारास शेजारच्या देशातल्या एका मोठ्या हॉटेलात सरकार आणि बंडखोर यांच्यात शांतता करार झाला. पाचवा. करारात लिहिलं होतं की प्रत्येक जिल्ह्यात दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी बंदुका आमच्याकडे जमा करायच्या.

वासरू जन्मल्यानंतर चार दिवसांनी हेन्रिक हेलिकॉप्टरने आला. तो वाटाघाटी घडवून आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय पथकातला मोठा अधिकारी होता. उंच, पन्नाशीचा, उन्हाने मान लाल झालेली. अशा चार देशांत त्याने हे काम केलं होतं. माणूस प्रामाणिक होता, हे आधीच सांगतो.

चिंचेच्या झाडाखाली लोबेकची दीडशेएक माणसं जमली. हेन्रिकने करार समजावून सांगितला. लोबेक शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

"आम्ही बंदुका दिल्या आणि पलीकडचे आले, तर तुम्ही काय कराल?"

हेन्रिकने उत्तर दिलं. शांतिसेना तिला दिलेल्या अधिकारांच्या मर्यादेत आणि उपलब्ध साधनांनुसार नागरिकांच्या संरक्षणासाठी शक्य ती सर्व पावलं उचलेल, असं काहीसं. लांबलचक वाक्य होतं. रेजिनाने ते ऐकलं आणि लोबेककडे वळून एकच शब्द बोलली.

लोक हसले. हेन्रिकने विचारलं, "काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, माहीत नाही," रेजिना म्हणाली.

हेन्रिक रागावला नाही. कपाळ पुसून तो माझ्याकडे बघू लागला. आदल्या दिवशी आमच्या कर्नल नेगींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डुबल, तुझं ते ऐकतात. वेळ आली तर दोन शब्द बोल."

मला बोलावं लागलं नाही. लोबेकनेच मला विचारलं.

"डॉक्टर, हा कागदाचं बोलतोय. तू सांग. तू असशील?"

मी फार विचार केला नाही. माझे आठ महिने बाकी होते, छावणीत पाचशे जवान होते, पलीकडे तोरूकही त्याच दिवशी बंदुका देणार होता.

"असेन," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

रेजिनाने ते त्यांना सांगितलं. लोबेक उठला, घरी गेला आणि स्वतःची बंदूक आणून हेन्रिकच्या पायाशी ठेवली. त्याच्यामागून बाकीच्यांनी. दुपारपर्यंत रास झाली. पलीकडच्या काठावर आमचे दुसरे अधिकारी होते, तिथेही तसंच झालं. संध्याकाळी हेन्रिकने माझा हात दोन्ही हातांत धरला. आठवड्याभरात त्या सगळ्या बंदुका हेलिकॉप्टरने राजधानीच्या गोदामात गेल्या. करारात तसं होतं.

पुढचे पाच आठवडे मी माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले दिवस म्हणून सांगेन. नदीच्या पात्रातल्या डबक्यांवर दोन्हीकडची गुरं एकत्र पाण्याला यायला लागली. बायका एकमेकींकडून मीठ आणि सुकी मासळी घ्यायला लागल्या. रेजिनाने शाळा झाडून घेतली. पहिल्याच दिवशी पलीकडची अकरा मुलं आली, म्हणून तिने ती बातमी मला तीन वेळा सांगितली.

सहाव्या आठवड्यात एका सोमवारी कर्नल नेगींनी बोलावलं. ते उभे होते. टेबलावर बिनतारी संदेशाचा कागद होता.

"राजधानीत दोन्ही पक्षांच्या सैनिकांत गोळीबार सुरू झालाय. मुख्यालयाला विमानतळ वाचवायचाय. सगळी बटालियन तिकडे. गुरुवारी सकाळी निघायचं."

"सगळी, सर?"

"सगळी."

"इथे कोण?"

नेगींनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. महाराष्ट्राच्या दुप्पट मोठ्या देशाला शांतिसेनेची बारा हजार माणसं. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

मी त्यांच्याकडून सॅटेलाइट फोन मागून घेतला आणि हेन्रिकला लावला. तो त्याच हॉटेलात होता. आवाज झोप न झालेल्या माणसासारखा.

"दोन्ही पक्ष उठून गेलेत," तो म्हणाला. "नव्या मंत्रिमंडळात तेलाचं खातं कोणाला, यावर अडलंय. तीन दिवस मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतोय."

"आमच्याकडच्या बंदुका परत तरी पाठवा."

"कोणत्या अधिकारात पाठवू? शांतिसेना लोकांना बंदुका वाटते, असं होईल." मग म्हणाला, "मेजर, तुम्हाला एक सांगू का? अख्ख्या देशात करार फक्त तुमच्या नदीवर पाळला गेला. बाकी एकाही जिल्ह्यात कोणी बंदूक दिली नाही."

मी फोन ठेवला.

बातमी लोबेकला मीच सांगायची, असं ठरवून मंगळवारी सकाळी गेलो. त्याला कळलेलं होतं. तो गुरांच्या अंगाला राख चोळत होता, हात थांबवला नाही.

"गुरुवारी?"

"हो."

"तूही?"

"मला हुकूम आहे."

रेजिनाने ते सांगितलं. लोबेकने गाईच्या पाठीवरची राख नीट पसरवली. "पलीकडे जा," तो म्हणाला. "तोरूक काय करणार आहे ते विचार."

तोरूक लोबेकपेक्षा बराच तरुण होता, पस्तिशीचा. त्याचा डावा हात कोपरापासून वाकत नव्हता. त्याने मला बसायला चामडं दिलं, दूध दिलं. मी रेजिनामार्फत सरळ विचारलं.

"आम्ही गेल्यावर तू हल्ला करशील?"

"मला करायचा नाही."

"लोबेकलाही करायचा नाही. मी त्याला ओळखतो."

"मीही ओळखतो. त्याचं खरं आहे." तोरूक माझ्याकडे बघत म्हणाला, "पण डॉक्टर, तो आज रात्री काय विचार करील? तोरूकच्या मनात काय असेल, असाच ना? त्याला वाटेल, तोरूक घाबरलाय, घाबरलेला माणूस आधी मारतो, मग आपणच आधी मारलेलं बरं. आणि तो असा विचार करतोय हे मला माहीत आहे. मग मी काय करू?"

"त्याच्याशी बोल."

"बोललो तरी हेच. तो म्हणेल मी येणार नाही, मी म्हणेन मी येणार नाही. मग घरी जाऊन दोघंही भाले काढू. उत्तरेकडून बंदुका मिळतात, दोन आठवडे लागतात. दोघांनाही रस्ता माहीत आहे." त्याने माझ्या भांड्यात आणखी दूध ओतलं. "तुम्ही होता तेव्हा हा विचार करायची गरज नव्हती. बाकी काही नाही."

मी त्याच दुपारी दोघांना नदीच्या कोरड्या पात्रात आणलं. प्रत्येकाबरोबर चार वडीलधारी माणसं, मधे मी आणि रेजिना. मग लोबेकने एक गोष्ट मांडली. तेव्हा मला ती पटलीच, आणि आजही वाटतं की त्या हॉटेलात इतक्या वर्षांत एवढं शहाणं कोणी काही बोललं नसेल.

तो म्हणाला, "अर्धी गुरं बदलू. माझी अर्धी तुझ्याकडे, तुझी अर्धी माझ्याकडे. गुरांबरोबर त्यांची माणसंही. मग तू माझं गाव जाळलंस तर तुझीच गुरं आणि तुझीच पोरं जळतील."

तोरूकने आपल्या माणसांकडे बघितलं. ते आपापसात बोलले. एक म्हातारा उठून चालायला लागला, त्याला दुसऱ्याने परत बसवलं. तासाभराने तोरूक म्हणाला, "चालेल."

पण गुरं अशी एका दिवसात हलत नाहीत. कळप फोडायचे, कोणाची कुठली गाय ते ठरवायचं, नवे गोठे बांधायचे. पावसाच्या आधीचा अख्खा महिना लागणार होता. त्या महिन्यात कळप अर्धवट हललेले असताना कोणी चोरी केली, कोणाचं डोकं फिरलं, तर सगळं संपलं. दोघांचंही एकच म्हणणं पडलं: तेवढा महिना मधे कोणीतरी उभं पाहिजे.

"किती माणसं?" मी विचारलं.

लोबेक आणि तोरूक एकमेकांत बोलले. रेजिनाने सांगितलं, "वीस पुरेत म्हणतात. लढायला नाही. दोन्हीकडे दिसतील अशी. तुम्ही त्यांत असाल तर बरं."

वीस माणसं, एक महिना. मी छावणीपर्यंत जवळजवळ धावतच गेलो.

कर्नल नेगींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी माझ्यासमोर मुख्यालयाला संदेश पाठवला, आणि चांगला पाठवला. माझ्यापेक्षा त्यांनी जास्त जोर लावला होता. उत्तर बुधवारी दुपारी आलं. हेलिकॉप्टरच्या मदतीशिवाय एवढी लहान तुकडी ठेवता येणार नाही. हेलिकॉप्टर उडवायला सरकारची परवानगी लागते. सरकार आता पुन्हा युद्धातला पक्ष आहे आणि परवानगी देत नाही. सबब विनंती अमान्य.

"मी एकटा राहतो, सर," मी म्हटलं. "स्वतःच्या जबाबदारीवर. लिहून देतो."

"तू राहशील. मग तुला कोणी धरलं, तर तुला सोडवायला मला शंभर माणसं पाठवावी लागतील. त्यांतली पाच मेली तर त्यांच्या घरी तू जाशील?"

"ती माणसं आपल्यावर विसंबून आहेत, सर."

"मला माहीत नाही का?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अनंत, मला माहीत नाही का?" त्यांनी मला नावाने हाक मारलेली ती पहिली आणि शेवटची वेळ.

गुरुवारी सकाळी गाड्या लागल्या. रेजिना फाटकाशी आली होती. तिला म्हटलं, गाडीत बस, मी सांगतो कर्नलना, ते नाही म्हणणार नाहीत.

"माझी आई चालू शकत नाही," ती म्हणाली.

"आईला आण."

"आणि मावशीला? शाळेतल्या मुलांना?" ती हे चिडून बोलत नव्हती, खरंच विचारत होती, जणू मी कुठली तरी संख्या सांगणार होतो. माझ्याकडे संख्या नव्हती.

लोबेक आला नाही. रस्ता त्याच्या गोठ्यांवरून जात होता. बायका-माणसं नेहमीसारखी कामाला लागलेली होती. कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. एका म्हातारीने आमच्या गाडीसमोरून आपली गाय बाजूला घेतली, गाडी जाऊ दिली आणि गाय परत रस्त्यावर आणली. एवढंच.

राजधानीत आम्ही विमानतळ वाचवला. त्याबद्दल बटालियनला प्रशस्तिपत्र मिळालं. गोदाम मात्र त्या गोंधळात फुटलं आणि नदीकाठच्या त्या बंदुका कोणत्यातरी बाजूच्या हातात गेल्या. नदीवर काय झालं ते उडत उडत कानावर यायचं. मी परत आलो, बढत्या मिळाल्या, जम्मूला, मग मेरठला बदली झाली. घरी कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं मी काही केलेलंच नव्हतं.

सात वर्षांनी मला दिल्लीत शांतिसेनेवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या एका शिबिरात शिकवायला बोलावलं. पाहुण्यांच्या यादीत एक नाव दिसलं आणि मी ते दोनदा वाचलं. रेजिना आता निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होती. चहाच्या वेळी आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. ती जाड झाली होती, चष्मा लागला होता.

"कधी झालं?" मी विचारलं.

"तुम्ही गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी."

"पहिलं कोणी?"

"कोणालाच माहीत नाही. आमच्याकडचे म्हणतात त्यांनी, त्यांच्याकडचे म्हणतात आम्ही. खरं तर दोघांनी थोडी गुरं बदलली होती. सत्तरएक. तुम्ही नसतानाही त्यांनी सुरुवात केली होती, डॉक्टर."

हे मला माहीत नव्हतं. कपबशी मी कठड्यावर ठेवली.

तोरूक पहिल्याच दिवशी मेला. तिची आई गेली. लोबेकचे दोन मुलगे आणि एक सून गेली, तो वाचला. रेजिना अकरा दिवस चालत सरहद्दीपलीकडे पोचली.

"मागच्या वर्षी परत गेले होते," ती म्हणाली. "सहावा करार झाला ना. नवी शांतिसेना आली, दुसऱ्या देशाची. दुभाषी म्हणून मलाच नेलं. त्यांचा एक कॅप्टन होता, चांगला होता. लोबेक आता फार म्हातारा झालाय. त्याने कॅप्टनला तेच विचारलं. तू असशील का?"

"काय म्हणाला तो?"

"असेन म्हणाला. मनापासून म्हणाला." रेजिनाने चष्मा काढून पुसला. "लोबेकने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लोकांना म्हणाला, हा चांगला माणूस आहे. मागचाही चांगला होता. आणि उठून घरी गेला. सगळे त्याच्यामागे उठून गेले."

"आणि बंदुका?"

"एकही नाही."

मी तिला सांगणार होतो की मला माफ कर. पण ती तेवढ्यासाठी आली नव्हती, आणि तिने माफ करून काही होण्यासारखं नव्हतं. आम्ही उरलेला चहा प्यायलो. तिने माझ्या मुलींची चौकशी केली.

चहानंतरचा तास माझा होता. चाळीस अधिकारी बसले होते. नकाशे दाखवून झाले, प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतला एक तरुण कॅप्टन उठला.

"सर, शस्त्रं जमा करताना तिथले लोक हमखास विचारतात म्हणे, तुम्ही किती दिवस आहात. आम्ही काय सांगायचं?"

शिबिराच्या पुस्तिकेत त्याचं उत्तर छापलेलं होतं. मला ते पाठ होतं. रेजिना दाराशी उभी होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

"परतीची तारीख सांगा," मी म्हटलं. "आणि हेही सांगा, की त्याआधीही हुकूम आला तर जावं लागेल."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग वर बघितलं.

"असं सांगितलं तर ते शस्त्रं देणार नाहीत, सर."

"नाही देणार," मी म्हटलं.

तो वही उघडी धरून उभाच राहिला. मी आणखी काहीतरी सांगेन, असं त्याला वाटत होतं.